बाबारावकाकांचे राखीव नंबर

बाबारावकाकांनी आमच्या दाराची बेल कधीच दाबली नाही. आधी शर्टाच्या खिशातला टेस्टर काढायचे, बेलच्या बटणाला लावायचे, दिवा लागत नाही याची खात्री करायचे आणि एवढं सगळं करून शेवटी "मॅडम, हायत का घरी?" अशी हाकच मारायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपल्या बेलमध्ये काहीतरी बिघाड असणार. तसं काही नव्हतं. बेल उत्तम होती. पण ती उत्तम आहे असं मी सांगितलं होतं, त्यांनी बघितलेलं नव्हतं.

परभणीत या गल्लीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान अजून टेम्पोतच होतं, तेव्हा समोरच्या ओट्यावरून एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस उठून आला. नाव-गाव काही विचारलं नाही. विचारलं ते हे, "गॅसची नळी कोणी जोडली?"

"एजन्सीचा माणूस येऊन गेला सकाळी," मी म्हटलं.

"तुमी बघत हुत्या का उभ्या राहून?"

नव्हते.

"मग जोडली असं कशावरून म्हणता?"

साबणाचा फेस करून नळीला लावेपर्यंत त्यांनी मला चहाचं आधण ठेवू दिलं नाही. फेसाला बुडबुडा आला नाही. आता तरी माणूस हसेल असं मला वाटलं. ते फेसाकडे बघत एवढंच म्हणाले, "आज न्हाई आला."

मी शाळेत गणित शिकवते. पुरावा मागणाऱ्या माणसांचं मला वावडं नाही. पण बाबारावकाकांना पुरावा दिला की पुराव्याचाच संशय यायचा, आणि तिथं माझं गणित थकायचं.

या स्वभावाला कारण होतं. सरकारी नोकरी लागायच्या आधी, तरुणपणी, ते एका खासगी ठेकेदाराकडे वायरमन होते. एकदा खांबावर चढताना खालून कुणीतरी सांगितलं, लाईन बंद हाय. नव्हती. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वळत नाहीत. पुढे येलदरीच्या धरणावर वीजघरात नोकरी लागली आणि तिथली एक रीत त्यांना फार पसंत पडली. ज्याने लाईन बंद केली त्याने आपल्या नावाची पाटी तिथे अडकवायची आणि काम संपलं की त्यानेच ती काढायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. निवृत्तीनंतर लोक घड्याळ घेऊन येतात, शाल घेऊन येतात. काका ही रीत घेऊन आले. शाळा बंद आहे म्हटलं, दुकान बंद आहे म्हटलं, नळ बंद आहे म्हटलं, तरी त्यांचा एकच प्रश्न ठरलेला होता, "बंद हाय म्हणता, पर बंद कोणी केलं?"

एकदा पेन्शनच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेतून फोन आला. फोन खरोखरच बँकेतून होता. पलीकडची मुलगी बिचारी मऊ आवाजात म्हणत होती, काका, तुम्ही हयात असल्याचा दाखला अजून आला नाही. काकांनी तिला ओट्यावरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मी जिता हाय हे तुमाला फोनवर कसं कळंल? माझा आवाज दुसऱ्या कोणी काढला असंल तर?" ती म्हणाली, मग तुम्ही समक्ष या. "आन् समक्ष येणारा मीच हाय हे कशावरून?" एवढं बोलल्यावर आपण स्वतःच्याच मुळावर आलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. फोन ठेवून ते बराच वेळ मिशी ओढत बसले. दुसऱ्या दिवशी सगळे कागद पिशवीत घालून गेले, आणि आपण जिवंत असल्याचं साहेबाकडून दोन ठिकाणी लिहून घेऊन आले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण संशयाची झळ घरात लागते तेव्हा हसू येत नाही.

काकांचं घर आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, ज्ञानोबाचं, घर मुळात एकच. वडील गेल्यावर वाटणी झाली आणि मधोमध भिंत आली. भिंत बांधली ज्ञानोबाने, कारण काका तेव्हा नोकरीवर येलदरीला होते. सुट्टीवर आले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, इकडं सरकलीय. ज्ञानोबा म्हणाला, अण्णा, दोरी लावून बांधलीय. काकांनी टेप आणला. गल्लीसमोर, दोन्हीकडच्या बायकांसमोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत मोजली. भिंत बरोबर मधोमध होती. मग काकांना टेपचा संशय आला आणि त्यांनी दुसरा टेप मागवला. तेव्हा ज्ञानोबा एवढंच बोलला, "भावाला टेप लावलास न्हवं अण्णा, आता मोजूनच ऱ्हा." त्यानंतर तो त्यांच्याशी कधी बोलला नाही. काकांनीही फर्मान काढलं, आपल्या घरातल्या कुणी त्या घराचा उंबरा चढायचा नाही.

आता यातली खरी अडचण अशी, की काकांची बायको गोदाकाकू आणि ज्ञानोबाची बायको सुमन या सख्ख्या बहिणी. आमच्याकडे दोन बहिणी एकाच घरात दोन भावांना द्यायची पद्धत आहे. मुलींना सोबत होते, एकमेकींच्या आधाराने राहतात, असं म्हणतात. या दोघी आल्या तशा आधाराने राहिल्याच, भिंत येईपर्यंत. पुढे दोघींच्या चुली पाठीला पाठ लावून, मध्ये विटा.

दोन वर्षांपूर्वी सुमनला लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यात गोदाकाकू रोज जात होत्या आणि काका त्यांना अडवू शकत नव्हते. "उंबरा चढायचा न्हाई म्हणलं हुतं त्यायनी," काकू मला म्हणाल्या, "दवाखान्याला कुठं उंबरा असतो?" सुमन घरी आली आणि ती वाट बंद झाली. पण त्याआधी काकूंनी एक काम करून ठेवलं होतं. मुलाने, अविनाशने, त्यांना पुण्याहून नवा फोन पाठवला होता. जुना फोन कपाटात ठेवला असं त्यांनी घरात सांगितलं आणि तो दवाखान्यात सुमनच्या उशाखाली सरकवला. त्यात सिमकार्ड नव्हतं. पण घरच्या वायफायचा पासवर्ड त्याच्या पोटात आधीपासूनच होता, आणि वायफायला भिंत आड येत नाही.

फोन जुना, वायरीवाचून टिकत नसे, म्हणून ज्ञानोबा रोज सकाळी खाटेजवळच्या बोर्डाला तो लावून, बाहेरून कडी घालून शेतावर जायचा. तो काही विचारत नसे. त्या घरात एक भाऊ सगळं विचारणारा आणि एक काहीच न विचारणारा निघाला होता. दुपारी जेवणं उरकली, काका ओट्यावर टेकले, की गोदाकाकू आतल्या खोलीत जायच्या आणि भिंतीपलीकडच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावायच्या. चित्र अडकायला लागलं तेव्हा त्या ते दाखवायला माझ्याकडे आल्या, म्हणून मला हे कळलं. दोघींच्या मध्ये वीतभर भिंत. खोकलं तर पलीकडे ऐकू जावं. आणि या दोघी फोनच्या काचेत एकमेकींचं तोंड बघत, हळू आवाजात, भाजी काय केली ते बोलायच्या.

"त्यायला कळलं तर तोडतील," काकू म्हणाल्या. "मला काय बोलले तर बोलू द्या, मी ऐकून घेईन. पर सुमी दिसभर एकटी पडलेली असती, मॅडम. कडी लावलेल्या घरात. तिला दुसरं काय हाय?"

मी कुणाला बोलणार नव्हतेच. पण त्या दिवसापासून काका समोर आले की मलाच चोरट्यासारखं वाटायला लागलं. ते टेस्टर काढायचे आणि मला वाटायचं, आता हा मला लावतील.

आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात काकांच्या घरी कॅमेरा आला.

कॅमेरा अर्थातच भिंतीवर रोखलेला होता. भिंतीच्या बुडाशी ओल दिसायला लागली होती आणि पलीकडून मुद्दाम पाणी सोडलं जातंय असा काकांचा वहीम होता. अविनाशने पुण्याहून येऊन कॅमेरा बसवून दिला, फोनवर बघायला शिकवलं आणि परत गेला. चार दिवस काका फोनमध्ये भिंत बघत बसले. भिंतीला काही झालं नाही. पाचव्या दिवशी लाईट गेली, आली, आणि फोनवर भिंत दिसेना.

नेटवाल्याला बोलावलं. तो पोरगा शहाणा होता, त्याने समजावून सांगितलं. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो, म्हणजे एक नंबर. तो कायमचा नसतो. लाईट जाऊन आली की राउटर सगळ्यांना पुन्हा नंबर वाटतो, आणि काल कॅमेऱ्याचा होता तो आज टीव्हीला जाऊ शकतो. तुमचा फोन कॅमेऱ्याला जुन्या नंबरवर हाका मारतोय आणि तिथं आता टीव्ही बसलाय.

हे ऐकून काकांचा चेहरा असा झाला की मला वाटलं यांना घेरी आली. वीजघरात आयुष्य काढलेला माणूस तो. तिथं चार नंबरची लाईन म्हणजे चार नंबरचीच. लाईट गेली म्हणून ती उद्या सहा होत नाही. "म्हंजे कोण कुठं बसलंय ह्याचा काय भरोसाच न्हाई?" त्यांनी विचारलं. "आन् असं ह्या घरात इतके दिवस चालू हाय?"

नंबर राखून ठेवता येतात, पोरगा म्हणाला. प्रत्येक यंत्राची एक कायमची ओळख असते, कारखान्यातून आलेली. त्या ओळखीला एक नंबर बांधून टाकायचा. मग लाईट कितीदा जावो, तो नंबर त्याचाच.

काकांना आयुष्यात नवीन काम मिळालं. रोज सकाळी पूजा झाली की चष्म्यावर भिंग धरून ते फोनवर राउटरच्या सेटिंगचं पान उघडून बसायचे. मधूनच गल्ली ओलांडून यायचे, बेलला टेस्टर लावायचे आणि इंग्रजी अक्षरं माझ्याकडून वाचून घ्यायचे. नंबर त्यांनी वाटेल तसे दिले नाहीत. दहाच्या घरात राखणदार, म्हणजे कॅमेरा आणि त्याचं चित्रण साठवणारा डबा. विसाच्या घरात घरची माणसं, म्हणजे त्यांचा फोन आणि काकूंचा फोन. तिसाच्या पुढे बिनजिवाची यंत्रं, टीव्ही वगैरे. शंभरच्या पुढे पाहुणे. त्यात मीही होते, कारण एकदा त्यांच्या घरी बसून मी मुलांचे निकाल पाठवले होते. पाहुणा गेला की नंबर पुसायचा, असा नियम होता.

दिवाळीला अविनाश आला. त्याने गंमत म्हणून राउटर उघडून बघितला आणि आपला फोन शंभरच्या पुढे बघून हिरमुसला. "बाबा, मी पाहुणा हाय का?"

काकांनी वर बघितलं नाही. "ऱ्हातो कुठं तू?"

"पुण्याला. पर म्हणून काय झालं?"

"मग जो घरात ऱ्हातो त्यानंच सांगावं, घरातला कोण हाय ते."

काकू आतून म्हणाल्या, "लेकराला असं बोलत असतेत का?" अविनाश हसला, पण त्याला लागलं होतं. मलाही लागलं. जेवताना काकांनी त्याच्या ताटात दोनदा भात वाढला, न विचारता, पण नंबर बदलला नाही.

आणि मग, सगळ्यांना बसवून झाल्यावर, काकांना एक उरलेला दिसला.

त्या दिवशी ते हाक न मारताच घरात आले. हातातला फोन माझ्यासमोर धरला. "हे कोण हाय?"

नाव नव्हतं. यंत्राची ती कारखान्यातून आलेली ओळख, नुसती इंग्रजी अक्षरं. हा सुमनचा फोन, हे मला बघताक्षणी कळलं.

"काय माहीत, काका," मी म्हटलं.

"तुमचं तर न्हाई?"

त्यांनी माझा फोन घेतला, ओळख जुळवली, परत दिला. सॉरी वगैरे शब्द त्यांच्या कोशात नव्हते. "कोणीतरी घुसलंय," ते म्हणाले. "रोज येतंय. पासवर्ड कोणी दिला? मी न्हाई दिला. मग राहिलं कोण?"

पुढचे आठ दिवस गल्लीत तपास चालला. आधी नेटवाला पोरगा, मग इस्त्रीवाला, मग समोरच्या कोचिंग क्लासची मुलं. माझ्या सुट्टीच्या एका दुपारी तर त्यांनी राउटर बंद करून टाकला आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसले. ज्याचं नेट जाईल तो वैतागून दारात येईल आणि सापडेल, असा हिशेब. कोचिंगची मुलं बाहेर आली, पण ती पाणीपुरीच्या गाड्यावर गेली. बाकी गल्लीत कुत्रंही हललं नाही. फक्त गोदाकाकू आतल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात फोन होता आणि चेहरा उतरलेला. काकांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "काय गं?" त्यांनी विचारलं. "काय न्हाई," काकू म्हणाल्या, "उकडायलंय." आणि आत गेल्या. मी माझ्या खिडकीतून हे बघत होते. काका बराच वेळ त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिले. मला तेव्हाच वाटलं, आता संपलं.

रविवारी ते सांगायला आले. राउटरमध्ये एक सोय असते, ज्याचा नंबर राखलेला आहे त्यालाच आत घ्यायचं, बाकी सगळ्यांना दार बंद. ते दार आज लावणार. "मंग बघू कोण कसं येतंय," ते म्हणाले.

काकू संध्याकाळी भाजीच्या निमित्ताने माझ्याकडे आल्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या वायफायचं पलीकडपर्यंत जाईल का?" आम्ही फोन घेऊन गल्लीत फिरून बघितलं. ज्ञानोबाच्या दारापर्यंतसुद्धा पोचत नव्हतं. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "तिला सांगू तरी कसं, की उद्यापासून मी दिसणार न्हाई? कडी काढून जाऊ का मीच? इतकी वर्षं ऐकलं त्यायचं. आता एकदा न्हाई ऐकलं तर काय करतील?" मला काकूंचा राग येत होता, काकांचा जास्त, आणि त्या मधल्या भिंतीचा सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताच काकू धावतच आल्या. कॉल लागला होता. सुमन दिसली, बोलली. "त्यायला जमलं न्हाई वाटतं," काकू पदरात तोंड लपवून हसत म्हणाल्या, "एवढं भिंग लावून बसले, आन् दार उघडंच ऱ्हायलं."

मला ते पटेना. बाबारावकाकांना जमलं नाही? ज्या माणसाने बँकेकडून स्वतःचं जिवंतपण दोन ठिकाणी लिहून घेतलं, तो कडी घालून ओढून बघणार नाही? मी माझा फोन त्यांच्या वायफायला जोडून बघितला. मला प्रवेश मिळाला नाही. पाहुण्यांचे नंबर पुसले गेले होते. दार लागलेलं होतं.

संध्याकाळी ते ओट्यावर होते. मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. "काका, झालं का दार बंद?"

"झालं की."

"सगळ्यांना?"

ते मिशी ओढत राहिले.

"बंद म्हणता, पण बंद कोणी केलं?" मी विचारलं. त्यांचाच हा प्रश्न त्यांना याआधी कुणी उलटून विचारला असेल असं मला वाटत नाही.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गॅसची नळी असते तर त्यांना बुडबुडा दिसला असता. मग आत तोंड करून म्हणाले, "अगं, मॅडमला चहा टाक."

चहा घेतला. त्या उरलेल्यालाही काकांनी नंबर राखला असावा, ही माझी शंका मी काकूंना सांगितली नाही. चुकीची ठरली असती तर? संशय संसर्गजन्य असतो, आणि मी त्या माणसासमोर बरीच वर्षं राहिलेय.

हिवाळा गेला, उन्हाळा लागला. शाळा सकाळची झाली. गोदाकाकू पालमला भाचीच्या लग्नाला एसटीने दोन दिवस गेल्या होत्या. जाताना मला सांगून गेल्या, "दुपारी तिथनंच लावीन सुमीला, नवरी दाखवीन."

त्या दुपारी मी जेवून पडले होते. या वेळी बेलला टेस्टर लावला गेला नाही, दारावर हाताने थाप पडली. काका उन्हात उघड्या डोक्याने उभे होते. पायात चप्पल नव्हती.

"मॅडम, ते पलीकडचं आज दिसलं न्हाई."

त्यांनी ते इतकं सरळ सांगितलं की मलाही आश्चर्य दाखवायचं सुचलं नाही. "चार्जिंग संपलं असेल, काका."

"सकाळी हुतं. मदीच गेलं. असं कधी जात न्हाई. ही दुपारी आत गेली की त्याचं नेट पळायला लागतंय आन् ही चहाला उठली की थांबतंय. इतके दिवस बघायलोय मी." मग म्हणाले, "त्या येळेला हसती ती आत. मला ऐकू येत न्हाई का?"

"मग तुम्ही..."

"ज्ञानोबा शेतावर हाय. तुमी जरा बगून या."

मी निघाले. ते माझ्यामागे आले, ज्ञानोबाच्या दारापर्यंत, आणि उंबऱ्यापाशी थांबले. त्यांना अडवणारं नुसतं फर्मान नव्हतं. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भाया. धाकट्याच्या बायकोने त्याच्यासमोर यायचं नाही, आलीच तर पदर घेऊन, आणि बोलायचं तर कधीच नाही. बोललंच तर मध्ये कुणाला तरी उभं करून. इतक्या वर्षांत सुमन काकांशी एक शब्द बोललेली नव्हती. तिच्या खोलीत त्यांनी पाय टाकणं भिंतीच्याही आधीपासून निषिद्ध होतं.

मी कडी काढली. आत गेले आणि जळक्या रबराचा वास आला. खाटेच्या उशाकडचा बोर्ड काळा पडला होता, त्यातून धुराची बारीक रेघ निघत होती. सुमन जेवढी सरकता येईल तेवढी खाटेच्या दुसऱ्या कडेला सरकून, डावा हात भिंतीला लावून पडली होती. डोळे मोठे झालेले. किती वेळ अशी पडली होती कोण जाणे. "किती आवाज दिले," ती लकव्याने बारीक झालेल्या आवाजात पुटपुटली, "कोणीच न्हाई आलं."

"काका, बोर्ड जळतोय," मी ओरडले.

उंबरा त्यांनी कधी ओलांडला ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ते मेन स्विचपाशी होते. मेन खाली ओढला, बोर्डाला टेस्टर लावला, पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग खाट पायाकडून धरून सरकवली आणि खाली फरशीवर बसून बोर्ड उघडला.

"कोणी बसवलाय हा?" ते बोर्डाकडे बघत म्हणाले. "तार बघा कसली वापरलीय. बसवणारा हातात घावला असता तर दोन हाणल्या असत्या."

सुमनने डाव्या हाताने पदर डोक्यावर ओढला. तो एका हाताने नीट बसेना, मी सावरून दिला. ती माझ्याकडे तोंड करून हळू म्हणाली, "मॅडम, त्यायला म्हणावं, खाली नका बसू, फरशी गार हाय."

काका हाताच्या अंतरावर होते. तरी मी सांगितलं. "म्हणतायत, फरशी गार आहे."

"तिला म्हणा, उन्हाळा हाय."

मी तेही सांगितलं. असे निरोप माझ्यातून इकडून तिकडे जात राहिले आणि ते घरी जाऊन तार आणि नवा बोर्ड घेऊन आले, बसवला. मेन वर केला. पंखा फिरला. सुमनचा फोन बोर्डाला लावला तेव्हा त्याची काच उजळली, आणि थोड्याच वेळात तो वाजायला लागला.

सुमनने फोन छातीवर उभा धरला. पालमच्या मांडवातून काकूंचं तोंड काचेत आलं. मागे वाजंत्री चालली होती.

"अगं किती येळचं लावायलेय मी, उचलायला काय झालं? इथं जीव खालीवर..." आणि त्या मध्येच थांबल्या. डोळे बारीक करून बघायला लागल्या. "सुमे, पदर कामून घेतलास गं डोक्यावर?"

सुमनने पदर अजून पुढे ओढला.

"कोण हाय तिथं?"

सुमनने माझ्याकडे बघितलं. तो निरोप माझा नव्हता. मग तिने डाव्या हाताने, हळूहळू, फोन फिरवला.

फरशीवर बाबारावकाका बसले होते. मांडीवर जळका बोर्ड, हातात पक्कड. काचेतल्या काकूंचा हात तोंडावर गेला. मला वाटलं आता त्या कॉल बंद करतील. त्यांनी केला नाही. वाजंत्री वाजत राहिली.

"नीट दिसायलंय का?" काकांनी विचारलं.

"दिसायलंय," काकू म्हणाल्या. मग जे सुचलं ते त्यांनी विचारलं, "जेवलात का?"

"न्हाई अजून."

सुमन माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, त्यायला म्हणावं, चुलीपाशी परातीखाली भाकरी हाय. वाढून घ्या म्हणावं."

मी सांगायच्या आत काकांनी विचारलं, मला नाही, सरळ खाटेकडे बघून, "भाकरी कोणी केली?"

सुमनने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग पदर नाकापर्यंत ओढून तीही सरळच म्हणाली, "त्यायनीच. रोज सकाळी करून जातेत शेतावर."

ज्ञानोबा भाकरी थापतो हे काकांना माहीत नव्हतं. कॅमेरा भिंतीपर्यंतच बघत होता. ते उठले, मागच्या न्हाणीत जाऊन हात धुऊन आले. परात उचलली आणि चुलीपाशीच उकिडवे बसले. भाकरीला त्यांनी खालून-वरून बघितलं नाही, वासही घेतला नाही. तुकडा मोडला आणि नुसत्या मिठाशी खाल्ला. सुमनने फोन तसाच त्यांच्याकडे धरून ठेवला होता.

"कशी हाय?" काकूंनी पालमहून विचारलं.

"जाड हाय जरा," काका म्हणाले, आणि दुसरी घेतली.